पाणी टिकलं, असं तू लिहिलंस

६ सप्टेंबर

चि. ढब्यास, अनेक आशीर्वाद.

नाव ढब्या आणि अंगावर मूठभर मांस, असा तू मागच्या वेळी दिसलास. वहिनीला सांग, मी रागावले आहे. तिला सहावा लागला ना? मग स्वयंपाक तू करत असशील, म्हणूनच ही अवस्था.

आता कामाचं. आमच्या गावात दवाखाना निघायचा आहे. समिती झाली आहे आणि मी तिच्यात आहे, म्हणजे चहा करायला आणि मान डोलवायला. दोन जागा पुढे आल्या आहेत. एक आमच्या बाजूची, टेकडीखालची बंद पडलेली शाळा. दुसरी घाटापलीकडे, बाजाराजवळ. तिकडे आधीच दोन दवाखाने आहेत. पण तीस खाटा चालवायच्या तर पाणी भरपूर हवं, आणि तिकडे पाणी आहे. एक डॉक्टरीणबाई यायला तयार आहेत. त्यांनी स्वच्छ सांगितलंय, की ऑपरेशनच्या खोलीत बादल्यांनी पाणी येणार असेल तर मी येणार नाही.

म्हणून शाळेच्या आवारात बोअर मारली. पाणी लागलं, फवारा उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, टाळ्या पुरे, ती किती देते ते मोजून घ्या. मोजणारा कोण, असा प्रश्न आला. मी म्हटलं, माझा भाऊ तेच करतो, आणि तो सांगेल ते समजायचं. सगळ्यांनी मान्य केलं.

घाटातून जाताना माझ्या लेकीचं काय झालं ते तुला सांगायला नको. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, पाचवा चालू आहे. लवकर ये.

तुझी ताई

१५ सप्टेंबर

प्रिय ताई, नमस्कार.

येतो. महिनाअखेरीला जनरेटर मोकळा होईल. जनरेटरवाले काका आणि मी, दोघंच येऊ. काकांच्या जेवणाची काळजी घे, माझं काय, मी तुझ्या हातचं काहीही खाईन.

समितीला आधीच एक समजावून ठेव. फवाऱ्यावरून काही कळत नाही. बोअर मारली की पहिल्या तासाला सगळ्याच उदार असतात. खडकाच्या भेगांत साठलेलं पाणी ती आधी देऊन टाकते. खरी परीक्षा त्यानंतर. आपला पंप आत सोडायचा, तीन दिवस अखंड पाणी उपसायचं आणि आत पातळी किती खाली जाते ते टेपनं बघत राहायचं. पातळी एका जागी येऊन टिकली, तर तेवढं पाणी ती रोज देईल. टिकली नाही, खाली खालीच चालली, तर उपसा कमी करायचा, पुन्हा बघायचं. मग पंप किती मोठा बसवायचा ते ठरतं.

आणि उपसलेलं पाणी लांब न्यायचं. पाइपाचं तोंड थेट नाल्यात, खालच्या अंगाला. नाहीतर तेच पाणी जमिनीतून परत बोअरमध्ये येतं आणि आपण आपल्यालाच फसवतो. हे तुला सांगणं म्हणजे बाबांना सांगण्यासारखं आहे. त्यांच्याबरोबर बोअर मोजायला जायचो तेव्हा टेपच्या टोकाची वाटी पाण्याला लागल्याचा आवाज तुला माझ्याआधी यायचा. बाबा म्हणायचे, पोरीचा कान घ्या, पोराचा घेऊ नका. मला अजून राग आहे त्याचा.

तुझा ढब्या

४ ऑक्टोबर

ताई,

गाडीतून उतरलो तो तसाच दवाखान्यात आलो. हिला सलाईन लावलंय. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टर म्हणतात वेळेवर आणलं. बाळाचे ठोके नीट आहेत. अजून काही दिवस इथंच ठेवणार आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

तू नसतीस तर मी काय केलं असतं कोण जाणे. तार आली तेव्हा पंप सुरू होऊन एकच दिवस झाला होता. मी बंद करायला निघालो होतो. तूच म्हणालीस, "जा तू. इथलं मी बघते. मला येतं हे." आणि मला ढकलूनच दिलंस गाडीत. घाट उतरताना मनात एकच होतं, की मागचं बघायला ताई आहे.

दर तासाला टेप टाक. रात्रीचं काका बघतील, त्यांना ऐकू कमी येतं, पण टेप ओली झालेली डोळ्यांना दिसते. पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात वर येतं तेही बघ. काय ते मला कळव, बाकी कशाची घाई नाही.

ढब्या

१२ ऑक्टोबर

चि. ढब्या,

वहिनीची तब्येत सुधारतेय हे ऐकून जीव भांड्यात पडला. तिला डावीकडे कुशीवर झोपायला सांग.

इकडचं सगळं व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं खाली गेलं, मग टिकलं. तिसऱ्या दिवशी तर हलायलाच तयार नाही. आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवते. पंप बंद केला तेव्हा पाणी भराभर वर आलं, संध्याकाळपर्यंत जवळजवळ होतं तिथं. काका सामान भरून परवा निघाले.

सेक्रेटरी रोज विचारतात. मी सांगते, माझ्या भावाचं पत्र येईपर्यंत थांबा. तू लवकर लिहिलंस तर बरं होईल, कारण घाटापलीकडचे लोक गप्प बसलेले नाहीत.

लेकीची तब्येत चांगली आहे. ती फार बोलत नाही. खिडकीतून शाळेकडे बघत बसते.

तुझी ताई

२१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

समितीला आज लिहिलं. तीस खाटांना पुरेल असं कळवलंय, आणि मोठा पंप सुचवलाय. खरं सांगू, पहिल्या दिवशीचा अंदाज घेऊन मी इतकी आशा ठेवली नव्हती. मला वाटलं होतं, ही बोअर गरीब निघणार. पण तुझे आकडे बघितले आणि माझंच मला हसू आलं. इतकी वर्षं हे काम करूनही खडक आपल्याला येडं बनवतो.

समितीला लिहिताना एक ओळ जास्तीची घातली, की मापं माझ्या थोरल्या बहिणीनं घेतली आहेत आणि ती माझ्यापेक्षा अचूक घेते. कुणी हसलं तर हसू दे.

ही घरी आली. आता स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे ढब्या होण्याची शक्यता नाही.

तुझा ढब्या

९ जानेवारी

चि. ढब्यास आशीर्वाद.

मुलगा झाला तुला, तार मिळाली. मी भिंतीला टेकून रडले. आणि आता ऐक, इकडे मला नात झाली. आपल्या दवाखान्यात, टेकडीखाली, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. डॉक्टरीणबाईंचे हात इतके शांत आहेत, की बघणाऱ्याचीच धाप कमी होते. नळाला धो धो पाणी. मी त्या नळासमोर उभी राहिले आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत बसले. हे म्हणाले, पुरे आता, कातडी निघेल.

गावातले लोक तुझं नाव घेतात. तू एकदा येऊन बघ.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

तुमच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. तुला ठाऊकच असेल, पण तू काही लिहिलं नाहीस म्हणून विचारतो.

ते म्हणतात, महिन्याभरापासून पंप मधेच हवा ओढतो. मग गढूळ पाणी यायला लागलं, मग वाळू. गेल्या आठवड्यात पंप जळाला. ऑपरेशनची खोली बंद आहे. बायका घाटातून पलीकडे पाठवताहेत. डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस वाट बघितली आणि त्या गेल्या. पत्राच्या शेवटी सेक्रेटरींनी लिहिलंय की आपल्या शब्दावर विसंबून आम्ही ही जागा निवडली. एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ही बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचली. दोन ठिकाणची कामं ठरली होती, दोन्हीकडून निरोप आला की तूर्त नको.

मी तुझे आकडे पुन्हा काढून बसलो. त्यांत काही चुकलेलं नाही. इतकं टिकलेलं पाणी असं जात नाही. शेजारी कुणी नवी बोअर मारली का? त्या काळात वरच्या बाजूला कुणी शेताला पाणी सोडलं होतं का? टेप कुठे अडकत होती का? आठवून लिही. मला उत्तर हवंय, ताई, नाहीतर मी यापुढे कुठल्या तोंडानं कुणाला पंप सांगू?

तुझा भाऊ

२७ फेब्रुवारी

चि. ढब्या,

तू फार मनाला लावून घेतोस, लहानपणापासूनची सवय. अशा गोष्टी होतात. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसतं? यंदा सगळीकडेच पाणी खाली गेलंय. शेजारी बोअर कुणी मारली नाही, निदान माझ्या कानावर तरी नाही. पंपच खराब निघाला असेल. आमचे हेही तेच म्हणतात.

तू इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नकोस. बाळ लहान आहे. मी पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन तिच्या सासरी जातेय, महिनाभर तिकडेच असेन. तेव्हा तू आलास तरी घरी कुणी नसेल.

बाळाचा फोटो पाठव.

ताई

१६ मार्च

ताई,

काकांना घेऊन मी येऊन गेलो. घराला कुलूप होतं, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात राहिलो, जिथं आता रिकाम्या खाटा ओळीनं ठेवल्या आहेत. एक नर्स तेवढी राहिली आहे. ती रोज सकाळी खालच्या वस्तीतून दोन बादल्या आणते आणि त्यात काय काय भागवायचं याचा विचार करत बसते. मी कोण ते तिला माहीत होतं. तरी तिनं मला चहा दिला.

पंप वर काढला. बोअरमध्ये टॉर्च धरली. खालच्या अंगाला कड ढासळली आहे. खडक तिथं मऊ होता. पोटापेक्षा जास्त ओढल्यावर तो सुटून आत पडला. तरीही जेवढं उरलंय तेवढं मोजावं म्हणून आपला लहान पंप सोडला, पाइप नाल्यापर्यंत नेला आणि चालू केला. पातळी खाली गेली, जातच राहिली. कुठेही थांबली नाही. दुपारपर्यंत पंप हवा ओढायला लागला.

मी काकांना म्हटलं, ही तीच बोअर आहे यावर विश्वास बसत नाही. तेव्हा पाइप इथंच होता ना, नाल्यात? काका म्हणाले, "पहिल्या दिवशी इथं होता. मग ताईंनी तो वरच्या खाणीत नेला. तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं."

मी त्यांना दोनदा विचारलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

वरच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे. बोअरच्या डोक्यावरच, हाकेच्या अंतरावर. तळाला सगळ्या भेगा. मी पाइप उचलला आणि त्या खाणीत सोडला. बोअरला एक दिवस विश्रांती दिली आणि पुन्हा पंप चालू केला. रात्र गेली, सकाळी टेप टाकली. पाणी टिकलं होतं. तू लिहिलं होतंस तसंच, हलायला तयार नव्हतं. तेच पाणी गोल गोल फिरत होतं, ताई. वरून मुरायचं, खाली यायचं, आम्ही ते उपसून परत वर टाकायचो.

शेजाऱ्याच्या शेतात चिखल होतो म्हणून पाइप वळवला, असं तू काकांना सांगितलंस. शेजाऱ्याला मी विचारलं. त्याचं शेत नाल्याच्या पलीकडे आहे.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, कळलं नसेल. तुला कळत होतं. तुझ्याएवढं या कामातलं कळणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. मी बाकावर बसून ठोके मोजत होतो, आणि तू तिकडे हे करत होतीस.

खरं काय ते तूच लिही. मला दुसऱ्या कुणाकडून आणखी ऐकायचं नाही.

२५ मार्च

चि. ढब्या,

मी लिहिते, आणि एकदाच लिहिते.

तू गेलास त्या संध्याकाळी मी टेप टाकली. पाणी खाली गेलं होतं. एका तासानं आणखी खाली. वाटीचा आवाज दर वेळी लांबून यायचा. कळायला मला वेळ लागला नाही. अशी बोअर तीस खाटांना पुरणार नाही, म्हणजे दवाखाना घाटापलीकडे जाणार. लेक आत झोपली होती. पहिल्या खेपेला घाटात गाडीच्या मागच्या सीटवर तिनं माझा हात धरला होता आणि वळणावळणाला विचारत होती, आई, अजून किती. ते बाळ माझ्याच मांडीवर गेलं. मी पुन्हा तिला त्या रस्त्यानं नेणार नव्हते.

तू असतास तर मी तुझ्या पाया पडले असते. तू नाही म्हणाला असतास. तू नव्हतास म्हणून सोपं झालं. ह्यांनी आणि मी मिळून पाइप ओढला.

नात झाली, सुखरूप झाली. त्यासाठी मला कुणी काहीही म्हणालं तरी मी ऐकून घेईन. तू सोडून. तू म्हणालेलं मला सोसवत नाही.

एकच मागणं आहे. समितीला सांग, की खडकाचा भरवसा नसतो, अंदाज चुकला. तुझ्या धंद्यात हे चालतं, लोक विसरतात. माझं तसं नाही. मला याच गावात राहायचंय, लेकीला माहेरी यायचंय. तू माझा भाऊ आहेस. तुझ्याशिवाय मी कुणाकडे मागू?

तुझी ताई

८ एप्रिल

ताई,

अंदाज चुकला असं मी सांगितलं नाही. माझा अंदाज बरोबर होता. पहिल्या दिवशीच मला वाटलं होतं ही गरीब आहे. तुझ्यासाठी मी माझा अंदाज मोडला.

काल समितीसमोर उभा राहिलो आणि होतं तसं सांगितलं. पाइप कुठून कुठे नेला, कुणी नेला, पाणी का टिकलं. तुझं नाव घेतलं. भावजींचंही. तू आली नव्हतीस. सेक्रेटरींनी विचारलं की बहिणीनं असं का केलं असेल, तेव्हा लेकीचं सांगितलं. तेही खरंच आहे, ते का लपवू. मग घाटापलीकडचा एक म्हातारा म्हणाला, आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं की टेकडीखालीच काढा. मी मान खाली घालून ऐकलं, जणू तुझ्या वाटचं.

आणि तुला सर्वांत वाईट गोष्ट सांगायची राहिली आहे. तू खरे आकडे पाठवले असतेस, तर मी तीस खाटा नाही म्हटलं असतं, पण दहा हो म्हटलं असतं. लहान पंप, वर मोठी टाकी, हळूहळू दिवसभर भरायची. बाळंतिणींना तेवढं पुष्कळ होतं. डॉक्टरीणबाईंनाही मी जाऊन समजावलं असतं, कारण बोअर थोडं देते पण नक्की देते हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. तुझ्या लेकीची सोय झाली असती. तू मला विचारलंच नाहीस. मी नाहीच म्हणणार असं तू माझ्याविषयी ठरवून टाकलंस. मोठा पंप बसला, त्यानं तिची कड पाडली. आता ती दहालाही पुरणार नाही.

तू माझा विश्वास वापरलास याचं दुःख आहे. पण रात्री उठून बसतो तो यासाठी नाही. सोपं झालं, असं तू लिहिलंस. ते वाचून उठून बसतो.

समितीनं शाळेच्या खालच्या अंगाला दुसरी बोअर मारायचं ठरवलंय. तपासणी मी करावी असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. मुक्काम शाळेत करीन.

२० मे

चि. ढब्या,

हे पत्र तू फोडशील की नाही ठाऊक नाही. तरी लिहिते.

नवी बोअर चांगली निघाली असं नर्सकडून कळलं. फार नाही देत, पण टिकते. लहान पंप बसवणार, दहा खाटा ठेवणार, आणि डॉक्टरीणबाईंना पुन्हा लिहिलंय. सेक्रेटरींनी मला यातलं काही सांगितलं नाही. मी आता समितीत नाही. दुकानात गेले की बोलणं थांबतं आणि मी निघाले की सुरू होतं, याची सवय होते आहे. ह्यांना होत नाही, ते मागच्या दारानं ये-जा करतात.

तू आलास हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जनरेटरचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो. वाटलं, जेवायला येशील. ताट वाढून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र डबा भरला आणि निघाले. नात कडेवर होती, लेकीनं घेऊन जा म्हटलं. मामाला दाखव, म्हणाली.

तुझी पाठ होती माझ्याकडे. शर्ट तोच, कोपरावर विरलेला. तू नर्सला टेप कशी सोडायची ते शिकवत होतास. ती कान लावून वाकली होती आणि तू तिला घाई करू देत नव्हतास. पाइप नाल्याकडे लांब गेला होता, कामाभोवती दोरी बांधली होती. काका मला बघून उठले. मी डबा त्यांच्या हातात दिला नाही. तुलाच द्यायचा होता.

काकांनी तुझ्या खांद्याला हात लावला. तू वळलास. आधी नातीकडे बघितलंस, बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, आता घेशील. मग माझ्याकडे बघून तू शांतपणे म्हणालास, "बाई, इथं काम चालू आहे. तुम्ही दोरीच्या पलीकडे थांबा."

रागावून नाही. कुणालाही सांगावं तसं.

मी पलीकडे थांबले. पंप बंद होईपर्यंत थांबले. नंतर नर्स येऊन म्हणाली, ते मागच्या रस्त्यानं गेले.